भिंत आणि राडारोडा

आईचं प्लास्टर निघालं त्या दिवशी आम्ही सगळे मिरजेला मामांच्या घरी होतो. जूनच्या पहिल्या पावसात अंगणातल्या शेवाळावर तिचा पाय घसरला, तिनं हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. वय 64. सहा आठवडे हात गळ्यात. भेटायला आलेला प्रत्येकजण शेवाळाला दोष देऊन गेला. फरशी बदला, ब्लीचिंग पावडर टाका, चप्पल चांगली घ्या. हाडाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि आम्हीही नाही, कारण आमच्याकडे कागद होता. पडण्याआधी चारच महिने आईचं ‘फुल बॉडी चेकअप’ झालं होतं. त्यात ‘बोन प्रोफाइल’ नावाचं एक पान होतं आणि त्या पानावर कॅल्शियम 9.4, मर्यादेच्या अगदी मधोमध. आईनं तो कागद देवघराशेजारच्या कपाटात जपून ठेवला होता.

मामा हाडांचे डॉक्टर. उमेदीची सगळी वर्षं बीड जिल्ह्यात सरकारी नोकरीत गेली, आता निवृत्त आहेत. माझी थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, बायोकेमिस्ट्रीची एम. डी. आहे आणि पुण्यात रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तो कागद त्या दोघांच्या मध्ये पडला आणि चहाच्या वेळेला सुरू झालेला वाद दिवेलागणीपर्यंत चालला. तो प्रश्न आमच्या एकट्या घराचा नाही, म्हणून जसा झाला तसा इथे मांडते आहे.

मामा : हा कागद बघून तुम्ही सगळे निर्धास्त राहिलात. कॅल्शियम नॉर्मल, म्हणजे हाडं भक्कम! माझ्याकडे खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या बायकांचं रक्त तपासलं असतंस, तर बहुतेकींचं कॅल्शियम असंच नॉर्मल निघालं असतं.

ताई : इथे आपलं भांडणच नाही, मामा. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात फिरतं ते अगदी थोडं. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आखडणं, नसांचे निरोप, सगळं त्या थोडक्यावर चालतं, म्हणून शरीर ती पातळी ढळू देत नाही. कमी पडायला लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून कॅल्शियम काढून आणायला लावतात. रक्त नॉर्मल राहतं ते हाडाच्या जिवावर. आईचा 9.4 हा आकडा तिच्या हाडांबद्दल दिलासा देणारा कधीच नव्हता.

मामा : मग रक्तावरून ऑस्टिओपोरोसिस ओळखायची भाषा सोड. आता प्रत्येक पॅकेजमध्ये हाडांचं पान असतं. सोसायटीत शिबिर भरतं, टाचेला यंत्र लावून ‘घनता’ सांगतात. टाचेच्या अल्ट्रासाउंडवर कोणाला ऑस्टिओपोरोसिस आहे असं ठरवता येत नाही, तरी लोक ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. एक चिठ्ठी उगाच घाबरवते, दुसरी उगाच निर्धास्त करते.

ताई : कॅल्शियमवरून ओळखता येत नाही, हे मान्य. पण रक्तात फक्त कॅल्शियम नसतं. आपला कुरुंदवाडचा वाडा आठवतो ना तुम्हाला? आजोबा दर उन्हाळ्यात त्याचा एखादा भाग दुरुस्तीला काढायचे. गवंडी जुनी भिंत उतरवायचे, मागून नवी चढवायचे. हाडाचंही तसंच आहे. आपल्याला ते दगडासारखं निर्जीव वाटतं, पण मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नवा होतो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड उतरवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घडवतात. उतरवणं आणि चढवणं जोडीनं चाललं की वाडा टिकतो.

मामा : हे मला ठाऊक आहे, पुढे बोल.

ताई : तुम्हाला ठाऊक आहे, आईला नाही. हाडाचा सांगाडा कोलाजेन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांचा असतो आणि त्यावर कॅल्शियमचे क्षार बसतात. जुनं हाड उतरवताना त्या दोऱ्या तुटतात आणि त्यांच्या टोकांचे बारीक तुकडे रक्तात येतात. तो राडारोडा. प्रयोगशाळेत त्याला सीटीएक्स म्हणतात. नवं हाड घडवताना कोलाजेनचा धागा आधी गरजेपेक्षा लांब तयार होतो आणि जागेवर बसताना त्याची टोकं छाटली जातात. सुतारानं चौकट बसवताना खाली पडलेले तुकडे असतात ना, तसे. तेही रक्तात येतात. ते पी-वन-एनपी. एका आकड्यावरून उतरवणं किती चाललंय ते कळतं, दुसऱ्यावरून घडवणं किती. 2011 साली हाडांच्या आणि प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून सांगितलं की जगभरच्या अभ्यासांत याच दोन खुणा प्रमाण धरा. त्याआधी लघवीतलं हायड्रॉक्सीप्रोलीन मोजायचे. माणसानं आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी ते वाढायचं. तिथून आपण इथवर आलो.

आई इतका वेळ गप्प बसून मनगट चोळत होती. तिनं विचारलं, ‘‘म्हणजे माझ्या हाडाचे तुकडे रक्तात फिरतायत?’’

ताई : सगळ्यांच्याच फिरतात, आई. प्रश्न किती फिरतात एवढाच आहे. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन त्या उतरवणाऱ्या पेशींना आवर घालून असतं. पाळी गेली की तो आवर सुटतो. त्या काळात राडारोड्याचा आकडा दीडपट, कधी दुपटीपर्यंत जातो. घडवणंही वाढतं, पण उतरवण्याच्या बरोबरीनं नाही. पहिली काही वर्षं घसरण सगळ्यात वेगानं होते, आणि नेमकी तेव्हा बाईला काहीच जाणवत नाही.

मामा : ठीक. तुझाच वाडा घेऊ. दारातून राडारोड्याच्या गाड्या बाहेर पडताना तू मोजल्यास. आतली भिंत किती जाड उरलीय, ते त्या गाड्यांवरून सांगशील? एखाद्या वाड्याच्या भिंती तीन हात रुंद असतात. तिथे चार गाड्या राडारोडा निघाला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्याची भिंत आधीच वीतभर. तिथे एक गाडीही जास्त. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे उरलेली भिंत पातळ असणं. ती मोजायची तर भिंतच मोजली पाहिजे. डेक्सा यंत्र तेच करतं. दोन ऊर्जेचे क्ष-किरण कमरेच्या मणक्यांतून आणि खुब्यातून जातात, दहा-पंधरा मिनिटांचं काम, किरणोत्सर्गही फारच थोडा. जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 साली रेघ आखून दिली. तरुण स्त्रीच्या सरासरीपेक्षा अडीच किंवा त्याहून जास्त पायऱ्या खाली, म्हणजे टी-स्कोअर उणे 2.5 किंवा कमी असेल, तर ऑस्टिओपोरोसिस. सीटीएक्ससाठी अशी रेघ कोणी आखलीय का?

ताई : नाही आखली. सीटीएक्स अमुक इतकं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, असं कोणी म्हणालं तर ते खोटं. पण तुमच्या रेघेचंही बोलू. ज्या बायकांची हाडं साध्या पडण्यानं मोडतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिकींचा टी-स्कोअर उणे 2.5 च्या वरच असतो. रेघेखालच्या बाईला धोका जास्त खराच, पण रेघेवरच्या बायका संख्येनं कितीतरी अधिक असतात. म्हणून मोडलेली हाडं जास्त त्यांच्यातच सापडतात. आणि साठीनंतर मणक्यांना झीज होऊन काटे वाढले की यंत्राला मणका आहे त्यापेक्षा भरीव दिसतो. भिंत मोजणारा गज कधी बाहेरचा गिलावाही मोजतो, मामा.

मामा : म्हणून तर मी खुब्याचा आकडा बघतो.

ताई : आणि मी दोन्ही बघायला सांगते. 1996 साली फ्रान्समधला ‘एपिडॉस’ अभ्यास प्रसिद्ध झाला, पंच्याहत्तरीपुढच्या बायकांचा. ज्यांच्या लघवीत सीटीएक्स जास्त होतं, त्यांचा खुबा मोडायचा धोका सुमारे दुप्पट निघाला, हाडाची घनता कितीही असो. घनताही कमी आणि सीटीएक्सही जास्त, अशा बायकांत तो चौपटीच्या पुढे गेला. वेगानं उतरवलेली भिंत नुसती पातळ होत नाही, तिच्यात भगदाडं पडतात. जाळीदार हाडातले आडवे दुवे एकदा तुटले की पुन्हा जोडले जात नाहीत.

मामा : एक अभ्यास सांगितलास. नंतर 2014 साली असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संबंध दिसला, पण माफक. हजार बायकांच्या गटाबद्दल तो काही सांगेल. माझ्यासमोर बसलेल्या एका बाईबद्दल फार थोडं. शेफिल्ड विद्यापीठातून 2008 साली ‘फ्रॅक्स’ निघालं, पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायचा धोका सांगणारं गणित. भारतासाठीही ते आहे. त्यात वय आहे, वजन आहे, आधी हाड मोडलंय का, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड, तंबाखू, दारू, संधिवात, सगळं आहे. रक्तातल्या तुझ्या खुणा नाहीत. का?

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘कारण आकडे अजून एकसारखे नाहीत.’’

ताई : हे माझ्याच घरातलं दुखणं आहे, मी झाकणार नाही. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तसाच येत नाही. सीटीएक्स तर घड्याळाबरोबर चढतं-उतरतं. पहाटे सगळ्यात जास्त, दुपारी सगळ्यात कमी. खाल्लं की उतरतं. आई थालीपीठ खाऊन दुपारी दोनला आली आणि दुसरी बाई सकाळी सातला उपाशीपोटी आली, तर त्या दोघींचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून नमुना सकाळी, रात्रभर उपाशी राहून, शक्यतो दहाच्या आत घ्यायचा, आणि पुढचा प्रत्येक नमुना त्याच वेळी, त्याच प्रयोगशाळेत. मूत्रपिंडं अधू असतील तर ते तुकडे बाहेर पडत नाहीत आणि आकडा फुगतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रं फसतात. पी-वन-एनपी या बाबतीत शहाणं आहे, जेवणाखाण्यानं फारसं हलत नाही.

मामा : आणि मोडलेलं हाड?

ताई : तेही सांगणारच होते. हाड जुळताना उतरवणं आणि घडवणं दोन्ही जोरात चालतं. काही महिने, कधी वर्षभर, दोन्ही आकडे वाढलेले राहतात. आज आईचं सीटीएक्स केलं आणि ते जास्त आलं, तर ते मनगट जुळतंय म्हणून की हाडं झिजतायत म्हणून, हे मला सांगता येणार नाही. ज्या बाईची आपल्याला सगळ्यात जास्त काळजी आहे, तिच्याच बाबतीत आज माझी चाचणी अडखळते.

मामांच्या आवाजातली धार इथे थोडी कमी झाली. ते बीडबद्दल बोलू लागले.

मामा : मला राग तुझ्या शास्त्राचा नाही गं. ते कोणापर्यंत पोचतं, याचा आहे. माझ्याकडे ऊसतोडीच्या बायका यायच्या. चाळिशीच्या आतल्या, गर्भाशय काढलेल्या, कितीतरी जणींचे अंडाशयही काढलेले. 2019 साली सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अंडाशय गेले की पाळी पन्नाशीऐवजी पस्तिशीतच गेल्यासारखी होते. मघाशी म्हणालीस ना, आवर सुटतो? या बायकांचा आवर पंधरा वर्षं आधी सुटतो, तोही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढायची असते तेव्हा. त्यांना ‘पिशवी कधी काढली, अंडाशय ठेवले का’ एवढं विचारायला ना डेक्सा लागतं, ना सीटीएक्स. डॉक्टरनं मान वर करून विचारायला लागतं. ते होत नाही, आणि पुण्यामुंबईत मात्र चाळिशीच्या धडधाकट बायका पॅकेजमध्ये हाडांच्या खुणा मोजून घेतात. ही उतरंड मला सोसत नाही.

ताई : मलाही सोसत नाही. धडधाकट बाईनं उगाच सीटीएक्स करून घेऊ नये, हे मी तुमच्या आधी सांगेन. पण त्याच ऊसतोडीच्या बाईसाठी मी साधं रक्त मागेन. सीटीएक्स नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉइड. डेक्सा सांगतं भिंत पातळ आहे. का पातळ आहे, ते सांगत नाही. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड कमी असतं, पण जे असतं ते नीट घडलेलं असतं. ऑस्टिओमलेशियात ड जीवनसत्त्वाअभावी चुना भिंतीत मुरतच नाही, हाड मऊ राहतं. यंत्रावर दोन्ही एकसारखी दिसतात, उणे तीन, उणे साडेतीन. रक्तात मात्र फरक दिसतो. ऑस्टिओमलेशियात अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं, ड जीवनसत्त्व तळाला, फॉस्फरस बहुतेकदा उतरलेला. आणि उपचार तर अगदी वेगळे.

मामा खिडकीबाहेर बघत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मामा : माझ्याकडून एकदा ती चूक झालीय. पस्तीस-छत्तीस वर्षांची बाई होती. कंबर, मांड्या दुखायच्या, बदकासारखी डुलत चालायची, जमिनीवरून उठताना हात टेकायची. एक्स-रेवर हाडं विरळ दिसली. मी ऑस्टिओपोरोसिस लिहिलं आणि हाडं उतरवणं थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. वर्षभरानं ती तशीच परत आली, उलट जास्त वाकलेली. तेव्हा रक्त पाठवलं. अल्कलाइन फॉस्फटेज तिपटीनं वाढलेलं. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू केल्यावर चार-पाच महिन्यांत ती बाई सरळ चालत माझ्यासमोर आली. वर्ष मी तिचं वाया घालवलं. दोन-तीन साध्या तपासण्यांनी ते वाचलं असतं.

ताई : आणि महाराष्ट्रात तरी ऊन मुबलक आहे, म्हणून ड जीवनसत्त्व कमी नसेल, असं धरून चालता येत नाही. घरात काम, अंगभर कपडे, सावळी त्वचा, सकाळी नऊनंतर बाहेर पडणं नाही, मग ऊन असून उपयोग काय? दुसरीकडे 60 हजार युनिटची पावडर महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेणारेही माझ्या प्रयोगशाळेत येतात. त्यांचं कॅल्शियम चढून मूत्रपिंडांवर येतं. मोजून द्यायचं आणि मोजून थांबवायचं.

मामा : मायलोमाचंही सांग हिला.

ताई : हो. पन्नाशीनंतर मणका दबला, सोबत पांढरेपणा, थकवा, मूत्रपिंड बिघडलेलं. कधीकधी हाड पोखरणारा तो रक्ताचा कर्करोग असतो. वरवर पाहिलं तर ऑस्टिओपोरोसिसच वाटतो. रक्तातल्या प्रथिनांची एक तपासणी तो पकडते. शोध घेताना रक्ताचं पहिलं काम हेच, मामा. ‘ऑस्टिओपोरोसिस आहे’ हे सांगण्यापेक्षा ‘हे ऑस्टिओपोरोसिस नाही, दुसरंच काही आहे’ हे सांगणं.

मामा : हे मी लिहून देतो. पण मग तुझं सीटीएक्स आणि पी-वन-एनपी कशाला?

ताई : उपचार सुरू झाल्यावर. तुम्हीच सांगा, आठवड्याला एक गोळी लिहून दिलेल्या किती बायका ती वर्षभर घेतात?

मामा : निम्म्याही नाहीत. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही. चार आठवड्यांत जळजळ झाली की गोळी बंद. मला सांगतही नाहीत. दोन वर्षांनी डेक्सा करतो तेव्हा कळतं.

ताई : दोन वर्षांनी! कारण घनता हळू बदलते आणि यंत्राची चूक वजा केल्यावर बदल दिसायला तेवढा वेळ लागतो. राडारोडा मात्र लगेच कमी होतो. शेफिल्डच्याच ‘ट्रायो’ अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांना तीन वेगवेगळ्या गोळ्या देऊन या खुणा मोजल्या. गोळी नीट घेतली, पोटातून शोषली गेली, तर तीन महिन्यांतच सीटीएक्स आणि पी-वन-एनपी स्पष्ट उतरतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सल्ला असा निघाला की गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा मोजा. उतार पडला नाही तर बाईवर ओरडू नका, विचारा. गोळी घेतेस का? कशी घेतेस? चहाबरोबर घेतेस का? दोन वर्षं वाया जाण्याऐवजी तीन महिन्यांत चूक सापडते.

मामा : आणि सहा महिन्यांच्या इंजेक्शनाचं?

ताई : डेनोसुमॅबचं ना? तिथे तर हे जास्तच महत्त्वाचं. ते इंजेक्शन उतरवणं जवळजवळ थांबवतं, पण पुढचा डोस चुकला की आवरलेलं काम उसळून सुरू होतं. सीटीएक्स सुरुवातीच्याही वर जातं आणि काही बायकांचे एकापाठोपाठ एक मणके मोडतात. ते कोणी आपलं आपण बंद करायचं नाही. थांबवायचं तर पुढचं औषध आधी ठरवूनच.

मामा : वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक आम्ल मला जास्त पटतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणके मोडणं 70 टक्क्यांनी आणि खुबा मोडणं 41 टक्क्यांनी कमी झालं. गोळी चुकायचा प्रश्नच नाही. पण त्याआधी क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व बघितलंच पाहिजे, नाहीतर कॅल्शियम धाडकन उतरतं. म्हणजे पुन्हा तुझं रक्त आलंच.

अंधार पडला होता. आईनं दिवा लावला. मग वळून दोघांसमोर उभी राहिली.

‘‘तुमचं दोघांचं ऐकलं मी. दादा, तू भिंत म्हणतोस. ही राडारोडा म्हणते. मला एवढंच सांगा, माझं हाड का मोडलं? सगळे म्हणतात शेवाळामुळे.’’

मामांनी तिचं मनगट हातात घेतलं.

मामा : शेवाळामुळे पडलीस. मोडलं ते शेवाळामुळे नाही. त्याच अंगणात पोरं दिवसातून चार वेळा पडतात. उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर हाड मोडलं, तर त्याला आम्ही ठिसूळ हाडाचं मोडणंच म्हणतो. एकदा असं मोडलं की पुढचं मोडायचा धोका साधारण दुप्पट होतो. मनगट ही सूचना असते. पुढे मणका असतो, शेवटी खुबा. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्ष पुरं करत नाही. मी हे बघत आलोय. तुझं मनगट जुळवून दिलं त्यांनी नीट. पण का मोडलं, हे विचारायचं राहिलं. मीही सहा आठवडे विचारलं नाही. भाऊ असून.

ताई : आणि मी प्रयोगशाळेत बसून तिचा 9.4 बघितला होता. ‘छान आहे’ म्हणाले होते.

त्यानंतर वाद उरला नाही, यादी झाली. डेक्सा, खुबा आणि मणका दोन्ही. मणक्यांचा एक्स-रे, कारण मणका पुष्कळदा न दुखताच दबतो आणि उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी झाल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. रक्तात ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन, प्रथिनं. सीटीएक्सवर दोघांत शेवटची खडाजंगी झाली. मामांना आत्ता नको होतं. ताईला हवं होतं, निदानासाठी नाही, पुढच्या आकड्याशी ताडून बघायला. ठरलं ते असं : मनगट जुळत असल्यामुळे आजचा आकडा फुगलेला असेल हे कागदावरच लिहून ठेवायचं, आणि उपचारानंतर तो तरुण स्त्रियांच्या सरासरीपर्यंत उतरतो का, ते बघायचं.

आईचा खुब्याचा टी-स्कोअर उणे 2.1 आला. मामांच्या रेघेच्या वर, म्हणजे नुसत्या यंत्राच्या हिशेबानं ऑस्टिओपोरोसिस नाही. पण ड जीवनसत्त्व 11 निघालं, 20 च्या खाली कमतरता धरतात. आणि मोडलेलं मनगट समोर होतं. फ्रॅक्सच्या गणितात आजीचा मोडलेला खुबाही धरावा लागला, जो आम्ही सगळे विसरलो होतो. आधी दोन महिने ड जीवनसत्त्व भरून काढलं, मग आठवड्याची गोळी. तीन महिन्यांनी सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं. सीटीएक्स निम्म्याहून खाली आलं होतं. त्यातला काही वाटा मनगट जुळण्याचा, काही गोळीचा, असं ताईनं प्रामाणिकपणे सांगितलं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तो आकडा तिथेच स्थिर होता. आई गोळी नीट घेत होती, हे तिला कोणी न विचारताच कळलं.

मामांची भिंत आणि ताईचा राडारोडा यांत कोण बरोबर, याचा निकाल मला असा लागलेला दिसतो. हाड किती उरलंय हे रक्त सांगत नाही, आणि सांगेल असं कोणी विकत असेल तर घेऊ नये. हाड का जातंय आणि औषधानं थांबतंय का, हे मात्र रक्ताइतक्या लवकर दुसरं काही सांगत नाही. पण या दोन्हींच्या आधी एक तपासणी आहे, जिला ना यंत्र लागतं ना सुई, आणि आमच्या घरात तीच राहून गेली होती.

म्हणून वाचकांना एवढंच कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या आईचं, मावशीचं, सासूचं, आणि हो, वडिलांचंही, पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं, तर फरशी जरूर बदला. पण प्लास्टर काढायच्या दिवशी डॉक्टरांसमोर बसून विचारा, ‘‘हे का मोडलं?’’ उत्तर मिळेपर्यंत उठू नका.